हसणाऱ्यांचे वाङ्मय

दिवाळी अंक घरात आला की तो आधी कुणी घ्यायचा यावरून घरोघरी जो लटका तंटा होतो, त्यात विनोदी लेखाचा पक्ष बहुधा जिंकतो. राशिभविष्य आजीचे, व्यंगचित्रे मुलांची, कथा सुनेची. पण विनोदी लेख सगळ्यांचा. कुणी तरी तो मोठ्याने वाचायचा आणि बाकीच्यांनी चकल्या-शंकरपाळ्यांच्या ताटाभोवती बसून हसायचे, हा आमच्याही घरचा प्रघात आहे. या सुखाच्या आड येण्याची माझी मुळीच इच्छा नाही. मी जन्मभर त्या पानाचा चाहता आहे. तरीसुद्धा यंदा वाचकांची आगाऊ क्षमा मागून एक प्रश्न विचारावासा वाटतो. आपण हसतो ते कुणाला? आणि ज्याला आपण हसतो तो माणूस त्या ताटाभोवती बसलेला असता, तर ते पान आपण तसेच वाचले असते का?

प्रश्न साधा आहे, पण आपले शाळकरी आणि वसतिगृही जीवनावरचे वाङ्मय वाचताना तो गेली कित्येक वर्षे माझ्या मानगुटीवर बसला आहे. त्याचे कारण वाङ्मयात नाही, माझ्या एका जुन्या ट्रंकेत आहे. तेव्हा सुरुवात तिथूनच करतो.

१९६३ साली मी साताऱ्याच्या एका वसतिगृहात राहून शिकत होतो. आमच्या खोलीत माण तालुक्यातला एक मुलगा नव्याने आला. अंगाने किरकोळ, अभ्यासात बरा, पण बोलताना अडखळायचा. पहिल्या अक्षरावर त्याची जीभ थांबे, मग एक शब्द सुटे, पुन्हा थांबे. त्या काळी आमच्या भागातून पुणे-मिरज रेल्वेची मीटरगेज गाडी धावत असे. ती प्रत्येक स्टेशनावर थांबायची. कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून कल्पना निघाली आणि त्या मुलाचे नाव ‘पॅसेंजर’ पडले. वर्गात तो वाचायला उभा राहिला आणि थांबला, की मागच्या बाकावरून हलक्या आवाजात पुकारा होई, “रहिमतपूर!” पुन्हा थांबला की “तारगाव!” मग “मसूर!” कऱ्हाड येईपर्यंत सगळा वर्ग हसून लोळत असे. मास्तरही ओठांतल्या ओठांत हसत. तोही सुरुवातीला हसायचा. हे मला नीट आठवते, कारण पुढे कितीतरी वर्षे मी स्वतःची समजूत याच आठवणीवर घालत आलो.

दिवाळीच्या सुट्टीआधी आम्ही मुलांनी एक हस्तलिखित अंक काढला. थेट दिवाळी अंकाच्या धर्तीवर: रंगीत मुखपृष्ठ, संपादकीय, कविता, सगळे काही. विनोदी लेख माझ्याकडे आला. मी ‘आमचा पॅसेंजर’ लिहिला. लेख गाजला. पर्यवेक्षकांनी तो जेवणाच्या पंक्तीत वाचून दाखवायला लावला. मी वाचला. पंक्तीत तोही बसला होता.

सुट्टी संपली, मुले परत आली. तो आला नाही.

या आठवणीचा उरलेला भाग शेवटी सांगेन. आधी वाङ्मयाकडे वळू. माझे म्हणणे थोडक्यात असे: मुलामुलांमधल्या छळाविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे, पण ते फार मोठ्या प्रमाणात हसणाऱ्यांच्या बाकावर बसून लिहिले गेले आहे. म्हणूनच त्याला आपण छळ म्हणत नाही. आपण त्याला खोड्या म्हणतो, थट्टा म्हणतो, शाळेचे सोनेरी दिवस म्हणतो.

साने गुरुजींची ‘श्यामची आई’ घ्या. १९३५ साली प्रसिद्ध झालेले हे पुस्तक, मराठी घरात देव्हाऱ्याशेजारी ठेवावे इतक्या मायेचे. त्यात पोहायला शिकण्याची हकीकत आहे. श्याम विहिरीला भितो, मुले बोलवायला येतात तेव्हा लपून बसतो, आणि आई त्याला शिंपटीने मारून घराबाहेर काढते. नंतर ती त्याला जवळ घेऊन मारण्याचे कारण सांगते: आपल्या मुलाला कुणी भित्रा म्हणून हिणवू नये, हे तिला हवे असते. लहानपणी हा भाग वाचताना मी रडलो होतो आणि आजही त्यातील आईच्या मायेविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पण आता वाचताना एक गोष्ट खुपते. हिणवणारे जग या हकीकतीत पाऊसपाण्यासारखे गृहीत धरले आहे. ते तसेच राहणार. बदलायचे ते हिणवल्या जाणाऱ्या मुलाने. इतकी प्रेमळ आई, तिच्यापाशीही हिणवणाऱ्यांना विचारण्यासारखा एकही प्रश्न नाही. मग आमच्या मास्तरांपाशी तो कुठून असणार? आजही मूल रडत घरी आले की आपल्या तोंडून पहिले वाक्य निघते ते “तू एवढं मनाला का लावून घेतोस?” हेच. ही शिकवण आपल्याला किती थोर माणसांकडून मिळाली आहे, ते लक्षात यावे म्हणूनच हे उदाहरण घेतले.

‘शाळा’ ही मिलिंद बोकील यांची कादंबरी २००४ साली आली. आणीबाणीच्या काळात नववीत शिकणाऱ्या मुलाच्या तोंडून ती सांगितली आहे. पोरांच्या टोळीची भाषा, त्यांचे अड्डे, मास्तरांना ठेवलेली नावे, हे सारे इतके अस्सल आहे की वाचक नकळत त्या टोळीत जाऊन बसतो. आणि टोळीत बसले की टोळीपलीकडचे अंधुक दिसते. ज्या मुलींविषयी वर्गभर खुसफूस चालते त्यांच्या मनात काय चालले असेल, ते आपल्याला दुरूनच कळते. याला मी कादंबरीचा दोष म्हणणार नाही. त्या वयाच्या मुलाला जेवढे दिसते तेवढेच दाखवण्याचे पथ्य लेखकाने पाळले आहे. शेवटी ती मुलगी दिसेनाशी होते तेव्हा उरणारी पोकळी हाच त्या खुसफुशीचा हिशेब आहे. पण गंमत वाचकांची आहे. पुस्तकाविषयी बोलताना लोक टोळीच्या गमती रंगवून सांगतात. त्या पोकळीविषयी बोलणारा मला क्वचित भेटला.

आता बाकाच्या दुसऱ्या बाजूला जाऊ. त्यासाठी फार दूर जायला नको. आमच्याच सातारा-सांगलीच्या मातीत ती बाजू लिहिली गेली आहे. आजचे हे दोन जिल्हे पूर्वी मोठ्या अंशी एकच होते. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. वाळवे तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे शाळेत अवघे दीड दिवस गेले, असे सांगतात. आटपाडीचे शंकरराव खरात यांचे ‘तराळ-अंतराळ’ १९८१ साली प्रसिद्ध झाले. गावची तराळकी करणाऱ्या बापाचा हा मुलगा पुढे विद्यापीठाचा कुलगुरू झाला. आणि फलटण तालुक्यातले लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० साली आले. त्याला पुढच्याच वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

‘उपरा’तला मुलगा कैकाडी. घर म्हणजे गाढवाच्या पाठीवरचे बिऱ्हाड, धंदा टोपल्या विणण्याचा. आज या गावात, उद्या त्या गावात. बापाला मात्र ध्यास, की पोरगा शिकला पाहिजे. प्रत्येक नव्या गावी नवी शाळा, आणि प्रत्येक शाळेत तीच हसणारी पोरे. ‘शाळा’ वाचताना आपण ज्या टोळीत सुखाने बसलो होतो, तीच टोळी इथे समोरून दिसते. पोरे तीच, वय तेच, चेष्टाही तीच. फक्त पाहणारे डोळे बदलले. एवढ्या बदलाने हास्यरसाचा भयानक रस कसा होतो, हे ज्याला शिकायचे असेल त्याने ही दोन पुस्तके लागोपाठ वाचावीत. आमच्या टीकाकारांनी ‘उपरा’ची चर्चा सामाजिक दस्तऐवज म्हणून भरपूर केली. पण मराठीतल्या शाळकरी आठवणींच्या साऱ्या गोड परंपरेला मिळालेले ते उत्तर आहे, हे कुणी फारसे म्हटल्याचे मला आठवत नाही.

नागराज मंजुळे यांचा ‘फॅन्ड्री’ हा चित्रपट २०१३ सालचा. त्यातला जब्याही कैकाडीच. ‘उपरा’नंतर तेहतीस वर्षांनी तोच मुलगा अजून वर्गात बसला आहे. जब्याच्या घरचे लोक डुक्कर धरायला धावत असतात आणि शाळेची पोरे बाजूला बसून, सामना पाहावा तशी, ओरडत-हसत असतात. शेवटी जब्या दगड उचलतो आणि तो थेट पडद्यातून आपल्याकडे येतो. कित्येकांना हा शेवट भडक वाटला. मला तो वाङ्मयीन दृष्ट्या फार नेमका वाटतो. इतका वेळ आपणही कडेला बसूनच पाहत होतो ना? दगड योग्य पत्त्यावर आला.

इथे मसूर स्टेशनाची गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या थट्टेत ते नाव रोज येई, पण त्या स्टेशनावर काय घडले होते हे आम्हाला कुणी शिकवले नव्हते. १९०१ साली साताऱ्याहून निघालेली काही मुले तिथे उतरली. खटाव तालुक्यातल्या गोरेगावी नोकरीला असलेल्या वडिलांकडे ती चालली होती. वडिलांना पत्र मिळाले नव्हते म्हणून न्यायला कुणी आले नव्हते. स्टेशनमास्तर आधी आपुलकीने बोलला. मुले महार आहेत हे कळताच त्याचा चेहरा बदलला. गाडीवानांनी गाडीत घेण्याचे नाकारले. शेवटी दुप्पट भाडे घेऊन एक जण तयार झाला, तोही गाडी मुलांनीच हाकावी या अटीवर. त्या मुलांत नऊ-दहा वर्षांचे भीमराव आंबेडकर होते. हा प्रसंग त्यांनी पुढे स्वतः लिहून ठेवला आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत त्यांचे नाव दाखल झाले. २०१७ सालापासून तो दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो, आणि तो दरवर्षी दिवाळीच्या आगेमागेच येतो. वर्गात त्यांना वेगळे, स्वतःच्या गोणपाटावर बसावे लागे. हे पोरांनी ठरवले नव्हते, थोरांनी ठरवले होते. पोरे हसायला शिकतात ती कुणाला हसायचे हे थोरांनी आधी दाखवून दिलेले असते म्हणून. याच साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली आपले वसतिगृह आणले आणि सर्व जातींची मुले एका पंक्तीला बसवली. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याचे छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. एकाच गावाने गोणपाटही पाहिले आणि पंगतही पाहिली. आम्ही मुले त्या पंगतीच्या गोष्टी ऐकतच वाढलो होतो. तरीही एका पंक्तीत बसून आम्ही एकाला वेगळे गोणपाट अंथरून दिलेच. फक्त ते शब्दांचे होते.

थट्टा कोणत्या क्षणी छळ होते, याचे सर्वांत नेमके उत्तर मला एका नाटकात सापडले. विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ १९६७ साली रंगभूमीवर आले. त्यातली माणसे विद्यार्थी नाहीत, चांगली घोडी झालेली आहेत. पण वागतात वसतिगृहातल्या पोरांसारखी. एका गावी प्रयोगाला गेलेली हौशी मंडळी. वेळ जात नाही म्हणून लुटुपुटूचे न्यायालय मांडतात आणि मास्तरीण असलेल्या बेणारेबाईंना आरोपी करतात. आधी सगळे हसतात, बेणारेबाईसुद्धा. मग लुटुपुटूच्या आरोपात खऱ्या आयुष्यातले तपशील येऊ लागतात. बाई उठून जाऊ पाहतात, तर दाराची कडी बाहेरून लागलेली. शेवटी निकाल लागतो, मंडळी पुन्हा हसतीखेळती होतात, हा तर नुसता खेळ होता म्हणून बाईंची समजूत घालतात. बाई मात्र हलत नाहीत.

त्या कडीवर मी पुष्कळ विचार केला आहे. माझ्या मते सारे रहस्य तिच्यात आहे. ज्यातून उठून जाता येते तो खेळ. ज्यातून इतर सगळ्यांना उठून जाता येते आणि एकालाच येत नाही, तो छळ. शब्द तेच असतील, हसणे तेच असेल, हसणाऱ्यांचा हेतूही कदाचित निर्मळ असेल. पण दाराची कडी पाहावी. आमचा पॅसेंजर पहिल्यांदा हसला होता. बेणारेबाईही हसल्या होत्या. हसणे ही संमती नसते. पुष्कळदा ती बाहेर पडण्याची पहिली धडपड असते.

विशेष म्हणजे हे आमच्या वाङ्मयटीकेला उमगण्याआधी कायद्याला उमगले. महाराष्ट्राने १९९९ साली रॅगिंगला बंदी करणारा कायदा केला. त्यातली व्याख्या मी एखादा उतारा वाचावा तशी वाचली. चिडवणे आणि चेष्टामस्करी या दोन्ही गोष्टी त्या व्याख्येत नावानिशी आल्या आहेत. आणि मोजमाप कशाचे, तर विद्यार्थ्याला वाटलेल्या भीतीचे, लाजेचे, संकोचाचे. करणाऱ्याच्या मनात काय होते, याचे नव्हे. दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा त्यात आहे. तक्रार आल्यावर सात दिवसांत चौकशी करायची, आणि संस्थेच्या प्रमुखाने ती टाळली तर त्यालाही गुन्ह्याला साहाय्य करणारा समजायचे, असेही आहे. म्हणजे ओठांतल्या ओठांत हसणारे मास्तरही कायद्याने पाहिले. कथाकादंबऱ्यांनी त्यांच्याकडे इतक्या बारकाईने पाहिले असते, तर किती बरे झाले असते!

पण कायदा असूनही माणसे जातात. २००९ सालच्या मार्चमध्ये हिमाचल प्रदेशातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात अमन काचरू हा विद्यार्थी वरच्या वर्गातल्या मुलांच्या मारहाणीनंतर मरण पावला. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने देशभरासाठी कडक नियम केले. तरीही दहा वर्षांनी, २२ मे २०१९ रोजी, मुंबईत डॉक्टर पायल तडवी गेली. ती जळगावची, तडवी भिल्ल समाजातली. एम.बी.बी.एस. ती आमच्या मिरजेच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात झाली. पुढे स्त्रीरोगशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी मुंबईला गेली आणि तिथे तिने आपले आयुष्य संपवले. तिच्यापेक्षा वरच्या वर्गातल्या तीन डॉक्टरांनी तिचा जातीवरून सतत अपमान केला, अशी घरच्यांची तक्रार आहे. तिच्या आईने आधीच काळजी बोलून दाखवली होती. त्या तिघींनी आरोप नाकारले. खरेखोटे करण्याचे काम न्यायालयाचे आहे, ते मी माझ्याकडे घेत नाही. मी मिरजेपासून चार कोसांवर राहतो. ती वार्ता वाचली तेव्हा माझ्या मनात पहिल्याने आला तो मात्र साताऱ्याच्या वर्गातला पुकारा: “रहिमतपूर, तारगाव, मसूर!”

कुणी म्हणेल, कुठे तुमची पोरकट थट्टा आणि कुठे एका तरुण डॉक्टरचा मृत्यू! अंतर आहे, हे मला मान्य आहे. एका शब्दाने कुणी मरत नाही. कुणाच्याही असे जाण्याला एकच एक कारण नसते, हेही जाणते लोक सांगतात. पण रोजचा शब्द, रोजचे एकटेपण आणि रोज बाहेरून लागणारी कडी यांची बेरीज कुठे जाऊन पोचेल, हे हसणाऱ्याला ठाऊक नसते. आम्हाला कुठे ठाऊक होते? पॅसेंजरच्या बाबतीत पुढे काही अधिक वाईट घडले असते, तर आम्ही काय म्हटले असते तेही मला ठाऊक आहे. सगळेच जण जे म्हणतात तेच: “आम्ही तर गंमत करत होतो.”

मग काय थट्टा करूच नये? विनोदी पाने फाडून टाकावीत? तसे मी मुळीच म्हणत नाही. थट्टा हा आपल्या संसाराचा मीठमसाला आहे. लग्नात विहिणींनी एकमेकींवर गाणी रचावीत, मेहुण्यांनी जावयाचे जोडे लपवावेत. पण त्यात पाळी असते. आज तुझी, उद्या माझी. जिला परतफेड आहे ती थट्टा खुशाल रंगू द्यावी. आपल्या थोर विनोदकारांनाही हे मर्म ठाऊक होते. चिं. वि. जोशांनी चिमणरावाला स्वतःची फजिती स्वतःच सांगायला बसवले. पु. ल. देशपांड्यांच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’त चितळे मास्तरांना आपण पोटभर हसतो, आणि तरी ते मास्तर समोर बसले असते तर तेच पान त्यांना वाचून दाखवता आले असते. उलट मास्तरच आपल्या पाठीवर हात ठेवून म्हणाले असते, बरे लिहिले आहेस. विनोदाची कसोटी मी यापलीकडे मागत नाही. ज्याच्यावर लिहिले, त्याला किंवा त्याच्या माणसाला, डोळ्याला डोळा देऊन ते वाचून दाखवता येते का?

ही कसोटी मला कुठल्याही ग्रंथात मिळाली नाही. आता आठवणीचा उरलेला भाग सांगतो.

त्या वर्षी मार्गशीर्षात पॅसेंजरचे वडील त्याची ट्रंक न्यायला आले. डोक्याला पटका, अंगावर घोंगडी, पायांत माणदेशची धूळ. खोलीत मी एकटाच होतो. ट्रंक दोरीने बांधून झाल्यावर ते घुटमळले. म्हणाले, “लेकरा, माज्या पोराचं बुकात लिवलंया म्हनं. मला काय वाचाया येत न्हाय. जरा वाचून दाव की.” त्यांना कुणी सांगितले होते कोण जाणे, पण सांगणाऱ्याने कौतुकाची गोष्ट म्हणूनच सांगितले असावे. हस्तलिखित अंक टेबलावर होता. मी ते पान उघडले. अक्षर माझेच होते. मी वाचू लागलो, आणि पहिल्याच वाक्यावर माझी जीभ अडखळली.

मग मी न लिहिलेलेच वाचले. तो गणितात हुशार आहे, सकाळी सगळ्यांच्या आधी उठतो, त्याने एकदा आजारी मुलाला रात्रभर पाणी पाजले. यातले एकही वाक्य त्या पानावर नव्हते. आणि वाचता वाचता माझ्या ध्यानात आले, की ते सगळे खरे होते. ते मला आधीपासून माहीत होते, आणि तरी लिहायला बसलो तेव्हा मला फक्त त्याचे अडखळणे दिसले होते. वडील ऐकत होते. शेवटी म्हणाले, “घरी तर काय बोलतच न्हाय त्यो. शाळंत जायाचं न्हाय म्हंतोय. तुमी येवढं चांगलं लिवलंया, त्ये सांगतो त्येला.” आणि ट्रंक डोक्यावर घेऊन ते एस.टी.च्या स्टँडकडे निघून गेले.

ते पान अजून माझ्यापाशी आहे. मी ते पुन्हा वाचले आहे. लेख चांगला उतरला आहे. वाक्ये घोटीव आहेत, उपमा चपखल आहेत, शेवटची कलाटणी तर आजही हसवते. वाङ्मयीन गुणांच्या जोरावर एखादे लिखाण तरून जाते, असे मानणाऱ्यांना मी ते दाखवू शकेन. पण मला ते त्या वडिलांना वाचून दाखवता आले नाही. त्या दिवसापासून, पुस्तक कुणाचेही असो, ते वाचताना माझ्यासमोर ट्रंक बांधून एक माणूस उभा असतो.

दिवाळीत वसतिगृहातली मुले घरी येतात. अभ्यंगस्नान होते, फराळ होतो, मित्रांच्या गमती निघतात. “तुला तिथे कुणी त्रास देत नाही ना?” हे आपण विचारतो, आणि ते विचारावेच. मूल गप्प झाले असेल तर जपून, पुन्हा पुन्हा विचारावे. लहान मुलांसाठी १०९८ आणि महाविद्यालयातल्यांसाठी १८००-१८०-५५२२ हे मदतीचे क्रमांकही घरात लिहून ठेवावेत. पण आणखी एक प्रश्न आहे, जो मला १९६३ साली घरी कुणी विचारला नाही. यंदा फराळाच्या ताटाशी तो तेवढा विचारावा: “तुमच्या खोलीत नवा कोण आला आहे? आणि तुम्ही त्याला काय म्हणता?”